पुस्तकांमागचा पंप

सोलापूर,
रविवार

चि. मनू हिस अनेक आशीर्वाद.

कर्नाटक एक्स्प्रेस सुटेपर्यंत तुझी आई रडली नाही. रिक्षात बसल्यावर रडली. घरी येऊन मी तुझी खोली आवरायला घेतली, तर कपाटात पुस्तकांच्या मागे तुझा दम्याचा तपकिरी पंप. पाठीवरच्या बारक्या खिडकीत आकडा १०४. गणपतीत आणला तेव्हा १२० होता. सकाळी एक, रात्री एक, म्हणजे दिवाळीपर्यंत संपायला हवा होता. तू आठच दिवस घेतलास. आणि टेबलाखालच्या डब्यात निळे पंप दोन, रिकामे.

रागावण्यासाठी लिहीत नाही. आईला तसं कबूल केलंय.

खोली कशी आहे? खिडकी रस्त्यावर उघडते की बोळात? ताईच्या नणंदेचा मुलगा सांगत होता, दिल्लीच्या राजेंद्रनगरात सकाळी धुक्यामुळे समोरचं दिसत नाही. ते सगळं धुकं नव्हे. शेतात पराळी, म्हणजे भाताचा पेंढा, जाळल्याचा धूर आणि गाड्यांचा धूर थंडीत वर चढत नाही, जमिनीलगत बसून राहतो. लक्ष्मीपूजनाला आपल्या गच्चीवरून तू दोनदा खाली येऊन निळा ओढलास, मी पाहिलं. इथे तो धूर एका रात्रीचा होता.

निळ्यानं लगेच बरं वाटतं, मान्य. आवळलेली श्वासनळी सैल होते, चार-सहा तास बरे जातात. पण नळीच्या आतली सूज तशीच राहते. ती उतरवतो तो तपकिरी, आणि त्याचा गुण घेतल्या दिवशी कळत नाही, म्हणून तोच मागे पडतो. मी जॉबर माणूस, माग दुरुस्त करणारा, मला मागाचंच सुचतं. ताण्याचा उभा धागा सारखा तुटत असेल तर गाठी मारून भागत नाही, ताण कुठे बिघडलाय ते बघावं लागतं. तू दोन महिने गाठी मारत होतीस. वर्षाला तीन किंवा जास्त निळे लागले तर दम्याच्या अटॅकचा धोका वाढतो असं डॉक्टरांनी तुझ्यासमोरच सांगितलं होतं. तुझे दोन महिन्यांत दोन झाले.

बघ, सुरू झालं माझं. माफ कर.

आजी तुला मृगाला हैदराबादला घेऊन गेली होती, आठवतं? नामपल्लीच्या मैदानावर रात्रभर रांग. तोंडात दम्याचं पिवळं औषध भरलेलं मरळीचं जिवंत पिल्लू तू गिळलंस आणि परतीच्या गाडीत डबाभर सांगत सुटलीस, माझ्या पोटात मासा पोहतोय. तेव्हा मी आजीला हसलो. पण पुढे सातवीत तुझा पंप बंद करणारा मीच. कारखान्यात सगळे म्हणायचे, पंप एकदा धरला की सुटत नाही, स्टेरॉइड असतं, पोरगी फुगेल, लग्नाला अडचण येईल. मी ऐकलं. श्रावणातली ती रात्र तुला नीट आठवत नसेल. पलंगाच्या कडेला दोन्ही हात टेकून तू पुढे वाकून बसली होतीस, प्रत्येक श्वासाला गळ्याखालचा खड्डा आत जात होता. ‘बाबा’ म्हणायला गेलीस तर ‘बा’वरच दम संपला.

त्यानंतर पाच दिवस गोळ्या घेतल्यास, रोज ३० मिलिग्रॅम. पंपाच्या एका फवाऱ्यात २०० मायक्रोग्रॅम, म्हणजे मिलिग्रॅमचा पाचवा हिस्सा. ज्या स्टेरॉइडला भिऊन पंप थांबवला, ते मी तुला गोळ्यांमधून ढिगानं खायला लावलं. हा हिशेब मला फार उशिरा कळला. तेव्हापासून कामावरचा सदरा मी दारातच काढतो, अंगावरची रुई घरात यायला नको म्हणून. तू नसतानाही काल काढला.

मैत्रिणींसमोर पंप ओढायची लाज वाटते का? तपकिरी खोलीतच घ्यायचा असतो, ब्रश करण्याआधी. स्पेसर, ते पंपाला जोडायचं नळकांडं, लाव, पंप हलव, श्वास दहापर्यंत धर, मग खळखळून चूळ भर, नाहीतर तोंड येतं. आणि निळा घेऊनही चार तास निघाले नाहीत, किंवा वाक्य पुरं करता येईना, तर सकाळची वाट बघायची नाही. शेजारच्या खोलीचं दार वाजव. निळा कुठे असतो हे त्यांना आजच दाखवून ठेव.

गल्लीत मी सगळ्यांना सांगत फिरतोय की आमची मनू कलेक्टर होणार. आई म्हणते, आधी परीक्षा तर होऊ द्या. मला धीर निघत नाही.

उद्या कुरिअर करतोय. कडक भाकरी, शेंगाची चटणी, आणि भाकऱ्यांच्या खाली टॉवेलात गुंडाळून तो. फोन केलास की आकडा किती झाला सांग. नको, राहू दे. भाकऱ्या मोडल्या का तेवढं सांग.

तुझे
बाबा