शिकाऊ वैमानिकाकडे बोट दाखवण्यापूर्वी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

सोसाट्याच्या वाऱ्यात उतरताना शिकाऊ वैमानिकाचे छोटे विमान धावपट्टीवर आपटून कलंडल्याची बातमी आपल्या दैनिकात वाचली. विद्यार्थी किरकोळ दुखापतीवर निभावला हे वाचून हायसे वाटले. मात्र ‘नियंत्रण सुटल्याने’ या दोन शब्दांत कारण उरकलेले पाहून हे पत्र लिहीत आहे. ओझरला विमानांचा कारखाना आणि गांधीनगरला लष्करी हेलिकॉप्टर वैमानिकांचे प्रशिक्षण असलेल्या आपल्या जिल्ह्यातील वाचकांना याहून अधिक सांगायला हरकत नव्हती.

प्रशिक्षणासाठी सर्रास वापरले जाणारे सेसना १७२ हे विमान पूर्ण भारासह जेमतेम साडेअकराशे किलोचे असते आणि ताशी साधारण १२० किलोमीटर वेगाने उतरायला येते. समोरचा वारा जोराचा पण एकसारखा असेल, तर तो सांभाळता येतो. घात करतात ते वाऱ्याचे अचानक येणारे झोत. चाके टेकण्याच्या बेतात असताना झोत आला की विमान उचलले जाते, तो ओसरताच धाडकन खाली बसते आणि उसळते. अशा वेळी नवख्याचा हात आपसूक नाक खाली दाबतो, मग पुढची टेक नाकाखालच्या नाजूक चाकावर (नोजव्हीलवर) होते आणि प्रत्येक उसळीगणिक मार वाढत जातो. त्यावर खात्रीचा उपाय एकच, तो म्हणजे इंजिनाला पूर्ण शक्ती देऊन पुन्हा वर जाणे, अर्थात गो-अराउंड.

आडव्या वाऱ्यासाठी या विमानाच्या पुस्तिकेत १५ नॉट, म्हणजे ताशी सुमारे २८ किलोमीटर, असा आकडा आहे. तो कसलेल्या चाचणी वैमानिकाने उतरून दाखवलेला आकडा आहे. विद्यार्थ्याची मर्यादा त्याहून बरीच खाली असावी लागते आणि ती ठरवणे, तसेच एकट्याने उड्डाणाची परवानगी देणे, ही प्रशिक्षकाची जबाबदारी असते. तेव्हा त्या वेळी वाऱ्याची नोंद काय होती, ती पाहूनच विद्यार्थ्याला एकट्याने सोडले होते का, आणि गो-अराउंड करून आलेल्याला त्या प्रशिक्षण संस्थेत शाबासकी मिळते की टोमणे, हे बातमीदाराने विचारायला हवे होते. शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण पुरे करायचे असते, त्यामुळे वारा पडेपर्यंत थांबणे विद्यार्थ्याच्या तर जिवावर येतेच; संस्थेलाही ते फारसे रुचत नसावे.

विमान अपघातांच्या तपासाविषयीच्या नियमांनुसार तपासाचा हेतू दोषी ठरवणे हा नसून पुढचे अपघात टाळणे हा आहे. बारामती, गोंदियासारख्या ठिकाणी मुलांना वैमानिक होण्यासाठी पाठवू पाहणाऱ्या नाशिकच्या पालकांना या अपघाताच्या तपास अहवालाचाच खरा उपयोग होईल. तो प्रसिद्ध झाल्यावर त्यालाही या बातमीइतकीच जागा द्यावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, ओझर (जि. नाशिक)