साहेब, गर्दी हाकलू नका, गेट उघडं ठेवा: नागपुरातून क्रीडामंत्र्यांना खुलं पत्र

माननीय क्रीडामंत्री साहेब,
नमस्कार.

मी नागपूरची, मोहननगरात वाढलेली. वय त्रेचाळीस, आणि त्यातली पस्तीस वर्षं तरी फुटबॉल बघून राहिले. बाबा रेल्वेत होते, रविवारी लुनावर मला पुढे उभं करायचे, आई डब्यात चिवडा भरून द्यायची आणि आम्ही कधी कामठी, कधी धंतोली, जिथे मॅच असेल तिथे. खेळायला मला कोणी घेतलं नाही, आमच्या वेळी पोरी खेळतच नव्हत्या, पण बघायला कोणी अडवलं नाही. हे पत्र त्या बघण्याबद्दलच आहे. खेळाडूंसाठी, कोचसाठी, टर्फसाठी तुमच्याकडे रोज कोणी ना कोणी येत असेल, बघणाऱ्यांसाठी कोणी येत नाही.

झालं असं की मागच्या सीझनला आमच्याकडे एका टुर्नामेंटच्या सेमीफायनलला स्टँडमध्ये भांडण झालं. ग्राउंडचं, टुर्नामेंटचं, टीमचं कोणाचंच नाव लिहीत नाही, कोणाला बदनाम करायचं नाहीये. पेनल्टीवरून वाद झाला, एक बाटली आली, मग चार आल्या, मग दोन्हीकडचे पोट्टे एकमेकांच्या अंगावर. पोलिसांनी काठी उगारली आणि सगळे गेटकडे पळाले. मोठं गेट बंद, कारण त्याच्यासमोर पाहुण्यांच्या गाड्या लावलेल्या. उघडं होतं ते एक माणूस कसाबसा निघेल एवढं छोटं दार. माझी पोरगी अकरा वर्षांची, तिचा हात माझ्या हातातून सुटला. एका अनोळखी काकांनी तिला उचलून डोक्यावर धरलं आणि तसंच बाहेर काढलं, तिची एक चप्पल गेली, कोपर सोलपटलं, बाकी काही नाही. पण साहेब, ते दोन-तीन मिनिटं मी विसरू शकत नाही.

यावर निर्णय काय झाला, तर फायनल प्रेक्षकांशिवाय. गेटच्या गाड्यांबद्दल कोणी एक शब्द बोललं नाही. फायनलला ग्राउंडात दोन टीम, रेफरी आणि मंडपातले पाहुणे, आणि आम्ही बाहेर. पोट्टे भिंतीवर, कडुनिंबावर चढून बघत होते, म्हणजे धोका कमी झाला की वाढला ते तुम्हीच सांगा. गोल झाला तेव्हा आतून काहीच आवाज आला नाही, भिंतीवरून आला.

बाटली फेकणाऱ्याची बाजू मी घेत नाही, त्याला पकडा, वर्षभर ग्राउंडात येऊ देऊ नका. पण दहा जणांसाठी दोन हजार जणांना बाहेर काढणं आणि ज्या दारात पोरगी चेंगरली असती ते दार तसंच ठेवणं, याला बंदोबस्त म्हणता येत नाही.

जगात हे आधी होऊन गेलंय. १५ एप्रिल १९८९ ला इंग्लंडमध्ये शेफिल्डच्या हिल्सबरो ग्राउंडवर लिव्हरपूल टीमच्या मॅचला बाहेर गर्दी साचली म्हणून पोलिसांनी एक मोठं गेट उघडलं, लोक आत आले आणि थेट आधीच भरलेल्या मधल्या कप्प्यांत गेले, तिकडे जाणारा बोगदा बंद करायला कोणाला सुचलं नाही आणि पुढे लोखंडी जाळी होती. ९७ जीव गेले. आणि दोष कोणाला दिला, तर लिव्हरपूलच्या फॅन्सना, दारू पिऊन आले होते म्हणून. त्यांच्या घरच्यांनी २७ वर्षं भांडून २०१६ मध्ये ज्युरीकडून लिहून घेतलं की फॅन्सच्या वागण्याचा यात दोष नव्हता. इंडोनेशियात मलंगला १ ऑक्टोबर २०२२ ला तर समोरच्या टीमच्या फॅन्सना आधीच बंदी होती, म्हणजे भांडायला दुसरा गटच नव्हता. तरी मॅच संपल्यावर लोक मैदानात उतरले म्हणून पोलिसांनी अश्रुधूर सोडला, स्टेडियममध्ये तो वापरायचा नाही असं फिफाचा, म्हणजे जगाच्या फुटबॉल संघटनेचा, नियम सांगतो तरी सोडला, लोक दारांकडे पळाले, दारं अरुंद, काही बंद. १३५ लोक मेले, त्यात लहान पोरं होती.

आपल्याकडेही झालंय. १६ ऑगस्ट १९८०, कलकत्ता, ईडन गार्डन्स, मोहन बागान आणि ईस्ट बंगालची मॅच. मैदानात दोन खेळाडू भिडले, स्टँडमध्ये दोन्हीकडचे लोक एकत्र बसलेले, तिथे पेटलं आणि चेंगराचेंगरीत १६ फॅन्स गेले. तिथल्या लोकांनी फुटबॉल सोडला नाही, १६ ऑगस्टला ते दरवर्षी रक्तदान करतात. दोन्हीकडचे करतात.

आता मला तुम्हाला हे सांगायचंय की ही गर्दी करते काय. कारण फाइलमध्ये आम्ही फक्त 'प्रेक्षक संख्या' असतो किंवा मग 'कायदा व सुव्यवस्था'.

गर्दी नाव ठेवते साहेब. खेळाडूला आईबाप एक नाव देतात आणि स्टँड दुसरं देते, आणि ग्राउंडवर दुसरंच चालतं. मी लहान असताना रेल्वेच्या टीममध्ये एक स्टॉपर होता, म्हणजे मागे राहून अडवणारा, त्याला सगळे 'फाटक' म्हणायचे, कारण तो पडला की पलीकडे कोणी जात नाही. विंगरनं बॉल घेतला की अख्खा स्टँड ओरडायचा "फाटक पाड, फाटक पाड" आणि बाबा, जे घरात आवाज चढवत नसत, तेही उभे राहून ओरडायचे. त्याचं खरं नाव मला आजही माहीत नाही. एक लेफ्ट विंगर 'पतंग' होता, एक गोलकी 'घार'. या नावांची कुठे नोंद नाही, पण स्टँडवर जुने लोक भेटले की अर्धा तास त्याच्यावरच जातो.

आणि हे सगळीकडे असंच आहे. पेलेचं नाव एडसन, एडिसनवरून ठेवलेलं. लहानपणी 'बिले' नावाच्या गोलकीचं नाव त्याला नीट म्हणता येईना तर पोरांनी त्यालाच पेले म्हणायला सुरू केलं, त्याला ते आवडायचं नाही, चिडायचा, आणि तेच नाव जगानं घेतलं. ब्राझीलचाच दुसरा खेळाडू गॅरिंचा, ते नाव म्हणजे एक छोटा पक्षी, पाय वाकडे होते त्या माणसाचे, बहिणीनं ते नाव दिलं. कलकत्त्यात मोहन बागानच्या गोष्ठ पालला, तो मागे अडवायचा, 'चीनची भिंत' म्हणायचे. आणि आपला आय. एम. विजयन, त्रिशूरच्या स्टेडियममध्ये सोडा विकणारं पोरगं, पुढे त्याला कलकत्त्यात 'कालो हरिण' म्हणायला लागले, काळं हरीण. पायाच्या वेगाला दिलेलं नाव आहे ते.

पण इथेच मला आमच्या लोकांबद्दलही बोलायला पाहिजे, नाहीतर हे पत्र खोटं होईल. 'काळं हरीण' प्रेमानं म्हणता येतं आणि तोच रंग घेऊन शिवीही देता येते. मी आमच्या स्टँडमध्ये ईशान्येकडून आलेल्या खेळाडूला डोळ्यांवरून हाक मारताना ऐकलंय, आणि एकदा एका पोट्ट्याला त्याच्या वस्तीच्या नावानं, म्हणजे खरं तर जातीनंच. तो पोट्टा नव्वद मिनिटं खाली मान घालून खेळला. आजूबाजूचे हसले, मी त्या दिवशी गप्प बसले आणि ते मला आजही टोचतं. स्पेनमध्ये व्हॅलेन्सियात मे २०२३ मध्ये ब्राझीलच्या विनिसियस या खेळाडूला माकड म्हणून चिडवणाऱ्या तीन जणांना कोर्टानं पुढच्या वर्षी आठ-आठ महिन्यांची शिक्षा दिली, ती मॅच खेळली गेली होती तिथल्या मेस्ताला नावाच्या भरल्या स्टेडियममध्ये, तरी तिघांना शोधून काढलं. फिफाची पद्धत आहे की असं झालं तर रेफरी आधी मॅच थांबवून अनाउन्समेंट करतो, मग टीम आत नेतो, मग मॅचच बंद. आमच्या लोकल मॅचला रेफरीला एवढा अधिकार आहे हे कोणी सांगितलेलंच नसतं आणि अनाउन्समेंट करायचा माइक पाहुण्यांच्या सत्कारात अडकलेला असतो. तुम्ही जिल्ह्याच्या टुर्नामेंटला परवानगी देताना ही एक अट घाला, त्याला पैसा लागत नाही.

बायकांचं सांगते. मी मॅचला जाताना दुपारपासून पाणी पीत नाही. मार्चमधलं नागपूरचं ऊन, साडेतीनचा किकऑफ, आणि मी पाणी पीत नाही, कारण आत बायकांचं टॉयलेट नसतं, असलं तर कुलूप असतं आणि चावी कोणाकडे ते कोणालाच माहीत नसतं. पस्तीस वर्षं मी हे करून राहिले आणि आता माझी पोरगीही तेच शिकली, न सांगता शिकली, त्याचं मला जास्त वाईट वाटतं. इराणमध्ये सहर खोदायारी नावाची मुलगी मॅच बघायला पुरुषाच्या वेशात निघाली, पकडली गेली, शिक्षेच्या भीतीनं तिनं कोर्टाबाहेर स्वतःला जाळून घेतलं, सप्टेंबर २०१९ मध्ये गेली. तिच्या टीमचा रंग निळा म्हणून तिला 'निळी मुलगी' म्हणतात. पुढच्याच महिन्यात तेहरानच्या आझादी स्टेडियममध्ये इराण-कंबोडिया मॅचला बायकांना तिकिटं द्यावी लागली. आपल्याकडे कायद्यानं कोणी अडवत नाही, आपल्याकडे एक कुलूप पुरतं.

साहेब, या शहरात फुटबॉल नवा नाहीये. कामठीची छावणी इंग्रजांच्या काळातली आणि आजही कामठीत गल्लीतलं पोरगं क्रिकेटआधी फुटबॉल खेळतं, रब्बानी क्लबचं नाव तिथे घराघरात आहे, इकडे यंग मुस्लिम आहे, राहुल क्लब आहे, रेल्वे आहे. हिस्लॉप कॉलेजात खेळ शिकवणाऱ्या विजय बारसे सरांनी २००१ मध्ये पावसात फुटकी बादली लाथाडणारी झोपडपट्टीतली पोरं बघितली आणि त्यातून अशा पोरांना फुटबॉल खेळवणारी स्लम सॉकर ही संस्था उभी राहिली, ते इथलंच. क्रिकेटसाठी जामठ्याला सुमारे ४५,००० लोकांचं स्टेडियम आहे, चांगलंच आहे, मी जाऊन आले. फुटबॉलसाठी आम्ही तेवढं मागत नाही. यशवंत स्टेडियम अधिवेशनाच्या दिवसांत मोर्चांना लागतं, तेही ठीक, लोकांना बोलायला जागा पाहिजेच. पण बाकीचे महिने तरी बघणाऱ्यांना सावली, पाणी आणि बायकांचं उघडं टॉयलेट असलेला एक स्टँड या शहरात असावा.

आणि गेट. जिथे तिकीट लावून किंवा फुकट मॅच होते तिथे किती दारं आहेत, किती रुंद आहेत, मॅचच्या वेळात ती उघडी आहेत का, हे तपासल्याशिवाय परवानगी देऊ नका. दारासमोर कोणाचीही गाडी नको, तुमचीही नको, हे मी आदरानंच म्हणते. दोन टीमचे लोक वेगळे बसवा, कोल्हापूरवाल्यांना विचारा, शाहू स्टेडियमवर पेठापेठांचे लोक कसे भिडतात आणि ते कसं सांभाळावं लागतं हे त्यांच्याइतकं राज्यात कोणाला माहीत नाही. पोलिसांसोबत क्लबचेच चार-चार जाणते लोक स्टँडमध्ये उभे करा. आमच्या इथला एक रिटायर्ड पीटी मास्तर नुसता हात वर करून शंभर पोट्टे खाली बसवतो, मी बघितलंय.

१३ डिसेंबर २०२५ ला मेस्सी कलकत्त्याला आला तेव्हा काय झालं ते तुम्ही टीव्हीवर बघितलंच असेल. लोकांनी हजारो रुपयांची तिकिटं काढली आणि त्यांना दिसली ती मेस्सीभोवतीची मोठ्या लोकांची गर्दी, थोड्याच वेळात तो गेलाही, मग खुर्च्या उडाल्या. खुर्च्या फेकणं चूकच. पण त्या माणसांच्या आणि मैदानाच्या मध्ये कोण उभं होतं तेही बघा. आमच्या छोट्या मॅचेसमध्येही तेच होतं, मंडप अगदी टचलाइनवर असतो आणि मागच्या पोरांना कॉर्नर फ्लॅग दिसत नाही. राज्यानं १३ वर्षांखालच्या पोरापोरींसाठी फुटबॉलचा महादेवा प्रोजेक्ट आणला, मनापासून सांगते, खूप चांगलं केलं. ती पोरं मोठी होऊन खेळतील तेव्हा त्यांना बघायला कोणीतरी लागेल.

भारताचा तेव्हाचा कॅप्टन सुनील छेत्री, त्याला २०१८ मध्ये व्हिडिओ काढून हात जोडावे लागले होते, शिव्या द्या पण स्टेडियमला या म्हणून. त्याच्या आदल्या दिवशी मुंबईत अंधेरीला भारताच्या मॅचला २,५६९ लोकच आले होते. व्हिडिओनंतर दोनच दिवसांनी केनियाविरुद्ध त्याची शंभरावी मॅच, पाऊस पडत होता आणि स्टेडियम फुल्ल. म्हणजे बोलावलं की लोक येतात.

या सीझनला नागपुरात किमान एक फायनल बघणाऱ्यांसकट होऊ द्या. तुम्ही या, पण मंडप नको, आमच्यासोबत पायऱ्यांवर बसा, मी चिवडा आणते. पोरीनं त्या दिवसानंतर ग्राउंडवर यायचं नाही म्हटलंय, मी तिला सांगितलंय की आधी गेट उघडू दे, मग जाऊ.

आपली,
फुटबॉल बघणारी एक बाई
मोहननगर, नागपूर