इथेही रांजणखळगे आहेत

मिनियापोलिस, रविवार

तीर्थरूप आई-आबांस साष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. जेवणाचं, थंडीचं फोनवर झालंच आहे.

काल टेलर्स फॉल्सला गेलो होतो, गाडीने तासभर. तिथे सेंट क्रॉय नदीच्या काठी इंटरस्टेट नावाचं डोंगराळ पार्क आहे. आबा, तिथे थेट आपल्या निघोजच्या कुंडासारखे रांजणखळगे आहेत! दगडही तसाच काळा. सुमारे १०,००० वर्षांपूर्वी बर्फ वितळून पुराचं पाणी आलं, भोवऱ्यात गोटे गरगरत राहिले आणि त्यांनी खडक कोरला. एक खळगा तर ६० फूट खोल आहे. आपली निघोजची कुकडी नदी जशी नगर-पुण्याची शीव, तशी ही नदी दोन राज्यांची. पलीकडे विस्कॉन्सिन, पण मला कुकडीपलीकडची टाकळी हाजीच दिसत होती.

आई, मी एकटा नव्हतो, ऑफिसमधले दोघं बरोबर होते. खोल खळग्यांना कठडे आहेत. पाण्यात पायसुद्धा घातला नाही, तेव्हा मामाला फोन करून काळजी सांगत बसू नकोस.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. पार्कच्या प्रवेशाचे पैसे घ्यायला खिडकीत कुणीच नव्हतं. अशा वेळी पाकीट उचलायचं, वर गाडीचा नंबर लिहायचा, आत ठरलेले पैसे घालायचे, चिठ्ठी फाडून गाडीच्या काचेमागे ठेवायची आणि पाकीट लोखंडी पेटीत टाकायचं. बघणारं कुणी नाही! तरी आमच्या मागच्या आजी गाडीत परत जाऊन सुट्टे शोधून आल्या, मोजून पाकिटात घातले. आपण दानपेटीत मनाला येईल ते टाकतो, इथे ठरलेलं तेवढं, न मागता.

५०,००० पाठवलेत. आधी सोसायटीचा हप्ता भरा, उरलेले धाकटीच्या मंगल कार्यालयाला द्या. आबा, गुडघा दुखत असताना एसटीने हिंडू नका, गाडी करा, पैसे मी देतो. साखरपुड्याला मला येता येणार नाही. व्हिसाचं काम चालू आहे, मधेच निघालो तर परत येणं लांबेल. लग्नाला येतोच. शिरूरच्या स्थळाचा फोटो पाहिला, मुलगी चांगली वाटते, पण माझ्यासाठी त्यांना थांबवू नका. आधी धाकटीचं होऊ दे.

तिच्यासाठी खळग्याजवळचा एक गुळगुळीत गोटा उचलला होता. तिथून दगड न्यायला मनाई आहे, म्हणून होता तिथे ठेवला. फोटो पाठवतो, तिला दाखवा.

तुमचा,
बाळू