पेडल तुझ्याकडे आहे का?

सोलापूर,
रविवार, रात्र

प्रिय भावड्या,

सप्रेम नमस्कार.

आपल्या ऑर्केस्ट्राच्या अण्णांच्या वर्षश्राद्धाला तू आला नाहीस आणि का आला नाहीस हे विचारायला मी फोनही केला नाही, याला आता आठ महिने होतील. हे पत्र भांडायला लिहीत नाही. फोनवर सांगता आले असते, पण फोनवर तू मध्येच हसतोस, आणि ही गोष्ट पूर्ण ऐकल्यावरच हसण्यासारखी आहे. प्रकृतीचे म्हणशील तर साखर आटोक्यात आहे, गुडघा आहे तसाच आहे.

अण्णांच्या थोरल्याने माळा रिकामा करायला काढला तेव्हा मला बोलावून घेतले. विजेवर वाजणारा ऑक्टोपॅड आल्यावर अण्णांनी ड्रमसेट माळ्यावर टाकला होता, तो तेव्हापासून तिथेच होता. थोरला तो भंगारात घालायला निघाला होता. मी विचार न करता "मला दे" म्हणालो आणि रिक्षाच्या दोन खेपा करून सगळे घरी आणले. बायकोने दारातच विचारले, "हे कोण वाजवणार?" मी म्हणालो, "मी." त्यावर ती काहीच बोलली नाही. तिच्या न बोलण्याचा अर्थ तुला ठाऊक आहे.

काय काय उरले आहे ते ऐक. २२ इंची बेस ड्रम, १६ इंची फ्लोअर टॉम, १४ इंची स्नेअर, हायहॅटच्या झांजजोडीचा स्टँड आणि त्याची वरची एकच झांज. वरचे दोन्ही टॉम नाहीत, राइड आणि क्रॅश या सुट्या झांजा नाहीत, ड्रमच्या तोंडावरची पाने आवळायची चावी नाही आणि पायाने बेस वाजवायचे पेडल नाही. क्रॅशचे काय झाले ते तुला आणि मला दोघांनाच ठाऊक आहे. कुर्डुवाडीचा तो विषय मी आज काढणार नाही.

चावी नसल्यामुळे पाने पकडीने आवळली. समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने घ्यायचे, एका बाजूने गोल फिरत गेले की पान एका अंगाला ओढले जाते, हे तुला अण्णांनी शिकवले तेव्हा मी शेजारी वायरी गुंडाळत बसलो होतो. ते तेवढे लक्षात राहिले. स्नेअरच्या खालच्या पानाला टेकणारी तारांची पट्टी लोंबत होती, त्यामुळे तो नुसता टॉमसारखा ढब ढब बोलत होता. मेहुण्याच्या टॉवेल कारखान्यातली नायलॉनची दोरी आणून पट्टी बांधली, काठी मारली, आणि तो चर्र आवाज आला तेव्हा मी खोलीत एकटाच मोठ्याने हसलो. हायहॅटच्या खालच्या झांजेच्या जागी भाकरीच्या डब्याचे झाकण मध्यभागी भोक पाडून बसवले आहे. ते मापाला लहान आहे आणि बंद हायहॅटचा आवाज नीट येत नाही, पण खाली काहीतरी आहे एवढे समाधान मिळते. कडक भाकरी आता ताटलीखाली झाकतात. त्याबद्दल ऐकून घ्यावे लागते, ते मी ऐकून घेतो.

बेसमध्ये आपली चादर घातली आहे. ड्रम घुमू नये म्हणून त्यात काहीतरी कोंबण्याची रीत जगभर आहे. आपल्याकडे सोलापुरी चादर असते एवढेच. अक्कलकोटहून परतताना थंडी वाजते म्हणून तू टेम्पोत बेसमधली चादर काढून पांघरलीस, आणि दुसऱ्या दिवशीच्या कार्यक्रमात बेस पाण्याच्या रिकाम्या टाकीसारखा वाजला. अण्णांनी मला झापले होते. तू त्या वेळी तोंड उघडले नाहीस, याची नोंद असू दे.

पाणी अजूनही चार-पाच दिवसांआडच येते. ज्या दिवशी ते पहाटे येते त्या दिवशी सगळी गल्ली जागी असते आणि मोटारींच्या आवाजात माझा ड्रम कोणाला ऐकू जात नाही, म्हणून खरा रियाज त्या दिवशी. एरवी स्नेअरवर टॉवेल टाकून वाजवतो. लय मोजून देणारा मेट्रोनोम मोबाइलमध्ये आहे, शिकवणारे व्हिडिओही त्यातच आहेत. उजवा-डावा-उजवा-उजवा, डावा-उजवा-डावा-डावा हे पॅराडिडल आता मिनिटाला साठच्या लयीत न अडखळता येते. हातांचे एकूण बरे चालले आहे.

अडते ते पायाशी. पेडल नाही म्हणून फळीला रबरी चप्पल बांधली आहे आणि उजवा पाय तिच्यावर आपटतो. एक अन् दोन अन् तीन अन् चार अन्, उजवा हात हायहॅटवर आठ ठोके, दोन आणि चारला डावा हात स्नेअरवर, एक आणि तीनला पाय. एवढे जमते. पण पायाचा दुसरा ठोका तीनवरून काढून "दोन अन्"वर टाकायचा म्हटले की सगळा संसार मोडतो. पाय त्या "अन्"वर पडला की डावा हातही त्याच्यासोबत स्नेअरवर पडतो, आणि हाताला धरून ठेवले तर पाय हवेतच थांबतो. परवा तर मी डाव्या हाताने उजवी मांडी दाबून धरली होती आणि मग स्नेअर कोण वाजवणार या विचारात बसलो होतो. मला वाटते हा दोष लेझीमचा आहे. पंधरा वर्षे गणपतीत हात आणि पाय एकाच वेळी खाली उतरवायचे हेच अंगात भिनवले, आणि आता हा सेट म्हणतो की दोघांची फारकत करा. तू हलगीवर होतास, तुझे पाय मोकळे होते, तुला हा त्रास झाला नसणार.

माझ्या समाधानासाठी एक गोष्ट शोधून ठेवली आहे. चांगले पेडल येण्यापूर्वी वाजवणारे बेस आणि स्नेअर शेजारी ठेवून दोन्ही हातांतल्या काठ्यांनीच वाजवत. शिकागोच्या लुडविग बंधूंनी १९०९ मध्ये आपल्या पेडलचे पेटंट घेतले आणि त्यानंतर पायाचे राज्य सुरू झाले. हायहॅटसुद्धा आधी घोट्याएवढाच उंच असे, काठी लावता यावी म्हणून तो पुढे वर आला. म्हणजे मी शंभर वर्षे मागे आहे, चुकीचा नाही. हे मी बायकोला सांगितले. तिने झाकण कधी परत मिळेल ते विचारले.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. गेल्या रविवारी सत्तरच्या लयीत तीन मिनिटे न थांबता वाजवले आणि मोबाइलवर रेकॉर्ड केले. रात्री जेवणे झाल्यावर दिवा मालवून ते लावले. मला वाटत होते की थोडेफार ऑर्केस्ट्रासारखे ऐकू येईल. आठच्या आठ ठोके एकाच वजनाचे, दोन आणि चारही त्यांच्यात बुडालेले, लय कुठे सुटत नाही पण सम कुठे आहे ते कळत नाही. मी ऐकतोच आहे तोवर स्वयंपाकघरातून आवाज आला, "कारखान्याचा व्हिडिओ कशाला लावलाय?"

१९९४ च्या गणपतीत हलगी मागायला मी तुझ्याकडे आलो तेव्हा सगळ्या मेळ्यासमोर तू काय म्हणाला होतास ते तुला आठवत नसेल. "काय बे, तुझ्या हातात लूम आहे की, सगळे ठोके सारखे." लोक हसले. मी गड्ड्याच्या जत्रेपर्यंत तुझ्याशी बोललो नाही, आणि होम मैदानावर तू होऊन भज्यांची पुडी पुढे केलीस म्हणून बोललो. माझ्या लेखी तो यंत्रमागावर राबणाऱ्या दादांचा अपमान होता. आता मोबाइल हातात धरून बसलो होतो आणि तू म्हणाला होतास ते अक्षरशः खरे होते.

धोटा इकडून तिकडे जातो, फणी ठोकते, धोटा परत येतो, फणी ठोकते. मिनिटाला शंभराहून अधिक वेळा, आणि त्यातला एकही ठोका दुसऱ्यापेक्षा मोठा नसतो. भिंतीपलीकडे हे चालू असताना मी झोपायला, अभ्यास करायला, जेवायला शिकलो. दादांची पाळी नसली तरी ठोक्यात जरा फरक पडला की ते घास हातात धरून मान वर करायचे आणि म्हणायचे, "सूत तुटलं." पुढे त्यांना आपण बोललेले ऐकू येईनासे झाले, तरी भिंतीवर तळहात ठेवून ते सांगत.

यावर उपाय आहे, तोही व्हिडिओत आहे. हायहॅटवर एक ठोका काठीच्या खांद्याने जोरात, पुढचा टोकाने हलका, असे आळीपाळीने घ्यायचे. तसे केले की चार आवर्तने छान झुलती होतात आणि लूम नाहीसा होतो. पाचव्याला तो परत येतो. रोज सरावाला बसतो तेव्हा तो घालवायचाच असे ठरवतो, आणि पाचव्या आवर्तनाला तो आला की मी थांबवत नाही, तसाच पुढे वाजवत राहतो. तू शिकवणारा असतास तर काठी काढून घेतली असतीस.

तुझे बरे असेल. चिरंजीवांना नोकरी लागल्याचे वहिनींच्या स्टेटसवरून कळले, त्याचे मनापासून अभिनंदन सांग. नाशिकच्या घराचा हप्ता संपला का? वहिनींना शेंगा चटणी हवी असेल तर कळव, जाणारे कोणी ना कोणी असतेच.

राहता राहिले पेडल. अण्णांशी तुझे वाजले त्या रात्री ते तूच पिशवीत घालून नेलेस असे थोरला अजून म्हणतो. मी त्याला ठणकावून सांगितले की असे काही नाही. पण त्या रात्री तू आमच्या जिन्यात बसला होतास, पाणी प्यायलास, आणि उठताना तुझ्या पिशवीत काहीतरी लोखंडी खणखणले होते. तेव्हा मी विचारले नाही. आता विचारतो. असेल तर कळव, पण लगेच पाठवू नकोस. आधी नुसते कळव.

तुझा,
बापू