मैया उजव्या हाताला

इंदूर, रामबाग
मंगळवार, रात्री

प्रिय मित्रा,

वर इंदूर वाचलंस आणि हसलास ना? हस. 'आता चार-पाच महिने घराचं तोंड बघणार नाही' असं तुला फोनवर छाती फुगवून सांगणारा मी दहा दिवसांच्या आतच परत आलोय. डावा पाय मिठाच्या कोमट पाण्यात आहे, मांडीवर मुलाच्या शाळेच्या काळातला लाकडी पॅड आहे, आणि हिचा दर पाच मिनिटांनी 'पाणी गार झालं का?' चालू आहे.

नर्मदा परिक्रमा मोडलेली नाही हं. थांबवली आहे. खंड परिक्रमा चालते, जिथे थांबलो तिथूनच पुढे उचलायची. पण हे मी गेले दोन दिवस प्रत्येकाला इतक्या वेळा सांगितलंय की आता मलाच ते सबबीसारखं ऐकू येतं.

ओंकारेश्वरचं थोडक्यात सांगतो, कारण तिथे मी नुसता भांबावलेलो होतो. कार्तिकी पौर्णिमेनंतरची गर्दी. आधी बेटावर जाऊन दर्शन उरकलं, कारण एकदा संकल्प केला की पात्र ओलांडायचं नाही, मैया कायम उजव्या हाताला. मग दक्षिण तटावर येऊन गोमुख घाटावर बाटलीत पाणी भरलं. वरच्या धरणातून पाणी सोडतात तेव्हा भोंगा वाजतो. तो नेमका मी वाकलेलो असताना वाजला, आणि पंडितजींनी उरलेला संकल्प रेल्वेच्या घोषणेसारखा संपवला. नदी १३१२ किलोमीटर, म्हणजे दोन्ही तट धरून २६०० च्या वर. जुना नियम तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवसांचा. आणि मी, ज्याला रिटायर झाल्यापासून कुठेही वेळेत पोचायचं नाही, तो पहिल्याच दिवशी घड्याळ बघत होतो.

ती सॅक तू व्हिडिओ कॉलवर बघितली होतीस. तेव्हाच म्हणाला होतास, 'लेका, हिमालयात चाललायस का?' चौदा किलो भरली. मोरटक्क्यापर्यंतचं अंतर बारा-एक किलोमीटर, त्याला मला सकाळपासून दिवेलागणीपर्यंत वेळ लागला. खांद्याचे पट्टे कापत होते, आणि कमरेचा पट्टा म्हणजे काय ते मला तिथल्या एका पोरानं लावून दाखवलं. त्याच रात्री सगळं सामान चादरीवर मांडलं. घडीचं स्टूल. दोन पॉवर बँका. स्वेटर तीन. दाढीचा पूर्ण संच, परिक्रमेत दाढी करत नाहीत हे मला माहीत असताना! सकाळी इंदूरच्या बसमध्ये कंडक्टरच्या हातात सहा किलोचं बोचकं दिलं, मुलानं ते सरवटे बस स्टँडवर जाऊन उतरवून घेतलं. हिनं उघडून पहिला प्रश्न केला, 'स्टूल कशाला नेलं होतं?' अजून उत्तर सापडलेलं नाही.

एक वस्तू मात्र सोडली नाही. जीरावणाची, आपल्या पोह्यांवरच्या मसाल्याची, पुडी. भिया, इंदूरचा माणूस जीरावणाशिवाय कुठे जातो? आश्रमात रोज खिचडी, नाहीतर टिक्कड आणि वरण. टिक्कड म्हणजे बोटभर जाड पोळी, दोन खाल्ल्या की दुपार निघते. त्यावर मी जीरावण भुरभुरवायचो आणि पंगतीतले सगळे हात पुढे यायचे. पाचव्या दिवशी पुडी संपली, आणि माझी तिथली किंमतही थोडी उतरली.

आता पायाचं. बूट नवे होते, ही चूक. तू बजावलं होतंस, तेही मान्य. तिसऱ्या दिवशी दोन्ही टाचांना सुपारीएवढे फोड. आमच्यात बुलढाण्याकडच्या एक मावशी होत्या, सत्तरीच्या, पायात रबरी चप्पल, खांद्याला एक झोळी, दुसरी परिक्रमा. त्यांनी माझा उजवा पाय सरळ मांडीवर घेतला. मी ओढून घ्यायला लागलो तर म्हणाल्या, 'भाऊ, लाजता काय, पाय हाय तो.' सुई काडीच्या ज्योतीवर धरली, दोरा ओवला, फोडाच्या या कडेनं आत, त्या कडेनं बाहेर, आणि दोरा तसाच आत ठेवून दोन्ही टोकं कापली. पाणी दोऱ्यावाटे झिरपून जातं, कातडी शाबूत राहते. सकाळी उजवा पाय मोकळा! डाव्याचं मी संध्याकाळी स्वतः केलं, मोठ्या आत्मविश्वासानं. सुई तापवायची राहिली. पुढचं तुला कळलंच असेल.

पण तुला खरं जे सांगायचंय ते पायाचं नाही.

आश्रमात शिरलं की पहिला प्रश्न, 'कितनी मूर्ति?' माणसं नाही मोजत, मूर्ती मोजतात. चौतीस वर्षं बँकेत 'साहेब' ऐकलेला मी, पहिल्या दिवशी मागे वळून बघितलं, कुठली मूर्ती म्हणून. 'एक मूर्ति, आसन लगाओ.' नाव नाही, गाव नाही, काय करता नाही. मला ते फार बरं वाटलं, आणि तासाभरात अस्वस्थही वाटायला लागलं. कारण मग वाढतात. न विचारता वाढतात. मी पैसे काढले की हात जोडतात. चालण्याची तयारी मी दोन महिने केली होती, पिपल्यापाल्याच्या बागेत रोज सहा फेऱ्या. घेण्याची तयारी कुठे करतात?

चौथ्या दिवशी बेडियाच्या बाजूचा मिरचीचा मुलूख लागला. रस्त्याच्या कडेनं लालभडक मिरच्या वाळत टाकलेल्या, सगळे परिक्रमावासी नर्मदे हर म्हणायच्या ऐवजी शिंकत चाललेले. एका शेतात कापूस वेचणं चालू होतं. त्यातली एक बाई ओटीत कापूस तसाच धरून बांधावर आली, पंचवीस-तीसची असेल. 'नर्मदे हर, बाबाजी.' वाकून पाया पडली, आणि कमरेच्या पिशवीतून दहा रुपयांची नोट काढून माझ्या हातात ठेवली. चार घड्या घातलेली, ओलसर, मिरचीचा वास येणारी. मी म्हटलं, 'नहीं नहीं, बहनजी, मुझे नहीं चाहिए.' तिचा चेहरा असा पडला की काय सांगू. मावशी मागून आल्या, माझ्या मनगटाला धरून मूठ मिटवली आणि हळूच म्हणाल्या, 'तुमाले नाही देत ती. मैयाले देते. तुमी कोन नाही म्हननारे?' तिची दिवसाची मजुरी किती असेल याचा हिशोब मी पुढे तीन किलोमीटर करत होतो. बँकेची सवय, दुसरं काय.

पाचव्या दिवशी रावेरखेडी. बाजीरावाची समाधी. २८ एप्रिल १७४०, वय अवघं ३९. त्यानं मल्हाररावांना माळव्यात पाय रोवू दिले म्हणून तू-मी इंदुरात मराठी शाळेत भेटलो. आणि इतकी वर्षं इतक्या जवळ राहून मी एकदाही इथे आलो नव्हतो. दगडी चौथऱ्यापाशी शेंगदाणे खात अर्धा तास बसलो. मनात काहीतरी भव्य यायला हवं होतं. आलं ते एवढंच, की एप्रिलमध्ये इथे केवढं ऊन असेल.

मग ताप. नावडाटोडीला पोचलो तोवर डावी टाच लाल, गरम, जांघेत गाठ. आश्रमाच्या ओट्यावर पडून समोर बघत होतो. समोर म्हणजे महेश्वर! अहिल्याबाईंचा किल्ला, घाट, संध्याकाळचे दिवे, आरतीचा आवाजसुद्धा पाण्यावरून येतो. साडीच्या खरेदीला हिच्याबरोबर किती वेळा गेलो असेन तिथे. आणि आता हाकेच्या अंतरावर असून जाता येत नाही. नावाडी विचारत होता, 'चलोगे?' मीच मान हलवली. देवाधर्मात मी किती आहे ते तुला ठाऊक आहे, तरी हलवली.

दुसऱ्या दिवशी मुलगा गाडी घेऊन आला. घरी यायचं तर पूल ओलांडायलाच हवा. आश्रमातल्या म्हाताऱ्या बाबांनी तोड काढली, 'शीशी और डंडा यहीं छोड़ जा, वो तेरी जगह पकड़ के रखेंगे.' बाटली आणि काठी त्यांच्या देवघरात ठेवून निघालो. पुलावर मुलगा म्हणाला, 'बाबा, बघा ना, काय मस्त दिसतंय.' मी डोळे मिटून बसलो होतो. झोप लागली असं सांगितलं.

डॉक्टरांनी सुईचा किस्सा ऐकून मला जे सुनावलं ते इथे लिहीत नाही. दहा दिवस औषधं, बूट बंद.

काल पहाटे आईनं हाक मारली, 'अरे, नर्मदा आली, ऊठ, भरून घे!' मी ताडकन उठून बसलो. मग कळलं, नळ आलाय. लहानपणापासून हेच ऐकतोय आपण. १९७८ पासून ती जलूदहून जवळपास सत्तर किलोमीटर, विंध्याचा घाट चढून इंदुरात येते, एक दिवसाआड, आणि आपण पिंप भरला की तोटी बंद. मंडलेश्वरच्या आधी जलूद पलीकडच्या तटावर दिसलं होतं, तेव्हा लक्षातही आलं नव्हतं. लंगडत गेलो, पिंप भरला. तांब्याभर पाणी ओतताना हात थोडा अडखळला, एवढंच.

ती दहाची नोट शर्टाच्या खिशात राहिली होती. हिनं धुतली. आता देवघराच्या खिडकीत चिमट्याला वाळते आहे, आणि खर्च कशावर करायची हे घरात कुणालाच ठरवता येत नाहीये. आईचं मत पेढे, मुलाचं मत फ्रेम. तुझं कळव.

संक्रांतीच्या आधी पुन्हा नावडाटोडी गाठणार. पुढे राजघाट, मग शूलपाणीची झाडी, मग तुमच्या गुजरातेत. समुद्रापाशी विमलेश्वरहून मिठी तलाईला बोटीनं पार व्हायचं असतं. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय म्हणून तू चालू नकोस, पण वडोदऱ्याहून विमलेश्वरपर्यंत गाडीनं येऊन बोटीत बसायला काय हरकत आहे? तारीख कळवीन. येताना नऊ नंबरचे कॅनव्हासचे बूट आण, वापरून मऊ झालेले. तुझे जुने असतील तर तेच आण. जीरावण या वेळी किलोभर घेतो.

तुझाच,
एक मूर्ती