किमान तापमानाशेजारी दवबिंदूही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

डिसेंबर लागला की नागपूरचे किमान तापमान आपल्या दैनिकात ठळक अक्षरांत येते. त्याच सकाळी लेआऊटमधल्या व्हॉट्सॲप गटांवर घरगुती हवामान केंद्रांचे आकडे फिरतात, ते हवामान विभागाच्या सोनेगाव वेधशाळेपेक्षा दोन-तीन अंशांनी वेगळे निघतात आणि वेधशाळेवर शंका घेतली जाते. बहुतेक वेळा यंत्र ठीक असते, पण जागा चुकलेली असते. हवामान विभागाच्या निकषानुसार मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली असेल आणि ते सरासरीपेक्षा निदान ४.५ अंशांनी कमी असेल, तर थंडीची लाट धरतात. नागपूरची ऐन हिवाळ्यातली सरासरी १२ अंशांच्या आसपास असते, म्हणजे सारा निर्णय साडेसात अंशांच्या आगेमागे होतो. अशा वेळी दोन अंशांची चूक परवडत नाही.

सर्वांत मोठा घोटाळा गच्चीचा. दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर उष्णता सोडत राहतो, त्यामुळे कठड्याला किंवा पाण्याच्या टाकीला बांधलेला सेन्सर पहाटेचे तापमान जास्त दाखवतो. उलट, आच्छादनाशिवाय उघड्या आकाशाखाली टांगलेला सेन्सर स्वतःच उष्णता आकाशाकडे फेकून हवेपेक्षा थंड होतो आणि नसलेली लाट दाखवतो. योग्य जागा म्हणजे माती किंवा गवतावर सव्वा ते दोन मीटर उंची आणि भिंतीपासून शक्य तितके अंतर. अंगण नसेल तर गच्चीच्या उत्तर कडेला दांडा उभारून स्लॅबपासून दोन मीटर वर बसवा. एसीचे बाहेरचे युनिट जवळ नको. आच्छादन घरीही होते. कुंडीखाली ठेवायच्या सात-आठ पांढऱ्या प्लास्टिक बशा घ्या, वरची एक सोडून बाकीच्यांना मधोमध भोक पाडा, दीड-दीड सेंटिमीटर अंतर ठेवून त्या तीन लांब बोल्टांवर उपड्या ओवा आणि सेन्सर मधल्या पोकळीत टांगा. दिवाळीनंतर एकदा धूळ आणि कोळ्यांची जाळी पुसायलाच हवीत. मळकट बशा ऊन शोषतात.

हिवाळ्याआधी दोन तपासण्या कराव्यात. थर्मासमध्ये बारीक फोडलेला बर्फ आणि थोडे पाणी घालून ढवळा. त्यात बुडवलेल्या तापमानाच्या प्रोबने (तारेच्या टोकाच्या सेन्सरने) शून्य अंश दाखवले पाहिजे. आर्द्रतेचा सेन्सर मात्र पाण्यात घालू नका. पावसाळ्यातल्या दमट हवेत राहून तो नंतर काही टक्के जास्त दाखवू लागतो. त्यासाठी झाकणात मीठ घेऊन पाण्याच्या थेंबांनी चिखलासारखे करा आणि सेन्सरसह घट्ट बरणीत रात्रभर ठेवा. वाचन ७५ टक्के यायला हवे. जो फरक येईल तो लिहून ठेवा आणि वजा करत चला.

आता अंदाजाकडे. सायंकाळी सातला तापमान आणि आर्द्रता पाहा. १०० मधून आर्द्रता वजा करून पाचाने भागा आणि येणारा आकडा तापमानातून वजा करा; हा दवबिंदू, म्हणजे हवेतली वाफ दव होऊन साचू लागते ते तापमान. २० अंश आणि ६० टक्क्यांना तो १२ येतो. आर्द्रता ५० टक्क्यांखाली असली की ही रीत फसते: २० अंश आणि ४० टक्क्यांना ती ८ सांगते, खरा दवबिंदू ६ असतो. कोरड्या रात्री म्हणून दवबिंदूचा छापील तक्ताच वापरावा. आपल्या जागी निरभ्र, निवांत रात्री सातपासून सूर्योदयापर्यंत पारा किती उतरतो, त्याची सरासरी वहीत काढा. समजा ती ९ अंश आहे. मग २० वरून ११ चा अंदाज निघतो. दवबिंदू १२ असेल तर मात्र पारा तिथवर सहज जात नाही. दव पडू लागले की वाफेतली सुप्त उष्णता हवेत मिसळते आणि उतार मंदावतो. अशा रात्री किमान तापमान साडेअकरा-बारा अंश धरावे आणि धुक्याची शक्यताही. दवबिंदू ६ असेल तर अडवायला काही नसते, पारा अकराच्याही खाली जाऊ शकतो. रात्रभर ताशी ८-१० किलोमीटर वारा राहिला, किंवा मध्यम वा खालचे ढग आले, तर घट बरीच कमी होते. ढगाळ रात्रींची सरासरी म्हणूनच वेगळी ठेवावी.

दाबाबाबत एक सावधगिरी. आपल्या अक्षांशावर हवेचा दाब रोज सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास चढतो आणि दुपारी व पहाटे चारच्या सुमारास उतरतो. हा चढउतार ३-४ हेक्टोपास्कलचा असतो. तीन तासांच्या उतारावर पावसाचे चित्र दाखवणारी यंत्रे त्यामुळे भर दुपारी उगाच घाबरवतात. आजचा दाब कालच्या त्याच वेळेशी ताडावा. तो घसरतोय, वारा उत्तरेकडून पूर्व-आग्नेयेकडे वळतोय आणि दवबिंदू चढतोय, अशी तिन्ही चिन्हे जुळली तर पश्चिमी चक्रावात (पश्चिमेकडून उत्तर भारतावर येणारी कमी दाबाची प्रणाली) आणि बंगालच्या उपसागरावरची ओल यांचा मेळ बसतोय असे समजावे. पहाटेचा गारठा कमी होतो, पण फेब्रुवारीत याच स्थितीत विदर्भात गारपीट होते आणि संत्रा, हरभरा, गहू झोडपले जातात. चक्रावात पुढे सरकून वारा पुन्हा उत्तरेचा झाला की एक-दोन रात्रींत पारा झपाट्याने उतरतो.

म्हणून विनंती अशी, की सोनेगावच्या सायंकाळी साडेपाचच्या निरीक्षणातला दवबिंदू, वाऱ्याची दिशा व वेग आणि ढगांचे अष्टमांश (आकाशाच्या आठ भागांपैकी किती ढगांनी झाकले आहेत) त्याच संध्याकाळी आपल्या संकेतस्थळावर द्यावेत आणि दुसऱ्या दिवशी हवामानाच्या चौकटीत छापावेत. घरच्या केंद्राला त्यातून पडताळा मिळेल. काटोल-कळमेश्वरकडच्या शेतकऱ्याला कडाक्याच्या रात्रीआधी पिकाला हलके पाणी द्यायचे की नाही, हे पंप सुरू करण्याआधी ठरवता येईल. जागा कमी पडत असेल तर निदान दवबिंदू तरी द्यावा.

आपला,
एक वाचक, नागपूर