जायकवाडीच्या टक्क्यांशेजारी भरतीची वेळही छापा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत सुट्टीत कोणता समुद्रकिनारा गाठावा, यावर पानभर लेख आला होता. फोटो झकास. ‘निळाशार’ हा शब्द मी मोजला, नऊ वेळा आहे. पण कोणत्या किनाऱ्याला उतार किती, पाणी कधी चढतं, कधी ओसरतं, याची एक ओळ नाही. कोकणातल्या वाचकाला ती लागत नसेल. आम्हा औसा-लातूरकडच्यांना लागते. ती ठाऊक नसल्यानं मला साडेतीन हजारांचा फटका बसला, म्हणून हे पत्र.

रत्नागिरी-नागपूर महामार्ग आमच्या औशावरून जातो. तो चांगला झाल्यापासून समुद्र म्हणजे तुळजापूरच्या थोडं पुढं, असंच आमच्या लोकांना वाटायला लागलंय. गेल्या दिवाळीत भाऊबीज उरकली आणि रात्रीच दोन गाड्यांत अकरा जण निघालो. मिरज आलं तशी बायको जागी झाली. “लातूरला रेल्वेनं पाणी यायचं ते इथूनच ना?” म्हणाली. २०१६ चा तो उन्हाळा आठवत, पाणीच पाणी बघायला आम्ही चाललो होतो.

सकाळी गणपतीपुळ्याला दर्शन झालं. देऊळ अगदी समुद्राला लागून. पोरं पाण्यात उतरायला आतुर, पण तिथं पाय वाळूत घोट्यापर्यंत रुतत होता आणि लाट लांब न फुटता थेट काठाशी येऊन आपटत होती. धोक्याच्या पाट्याही होत्या. पोरं हिरमुसली. मग जयगडची फेरीबोट, पुढं दाभोळची फेरीबोट, असं करत रात्री दापोली गाठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला तिथल्या एका किनाऱ्यावर पोचलो. वाळू अशी घट्ट, जणू खळं सारवून ठेवलंय. पाणी पार लांब. पुतण्यानं फोटोसाठी गाडी थेट आत नेली. मी हटकलं तर म्हणाला, “आप्पा, पाणी किती लांब हाय बघा की! मांजरा वाहायली का काय हितं?” मग आम्ही खानावळीत जेवायला बसलो. सुरमई आली, सोलकढी आली. एकच्या सुमारास बाहेर गलका झाला. बघतो तर पाणी गाडीच्या चाकांना लागलेलं, आणि प्रत्येक लाटेसरशी चाकाखालची वाळू निसटून गाडी हातभर खाली. शेवटी ट्रॅक्टर आला. दोर लावून ओढेपर्यंत आतल्या चटया भिजल्या. ट्रॅक्टरवाल्यानं भाव केला नाही, आणि आम्हीही त्या वेळी घासाघीस करण्याच्या अवस्थेत नव्हतो.

खानावळीचे मालक म्हातारे होते. त्यांनी एवढंच विचारलं, “आज तिथी कोणती?” मी म्हटलं, चतुर्थी. “मग चाराचे पाऊणपट तीन. तीनला पुरी भरती. तुम्ही साडेदहाला गाडी लावलीत, तेव्हा पाणी नुकतं चढायला लागलं होतं.” तिथीचे पाऊणपट केले की भरतीची वेळ, शुद्ध असो की वद्य. पुढची भरती साधारण साडेबारा तासांनी. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे पाण्याचा चढउतार कमी. मिनिटाचा नाही, पण अंदाजाचा हिशेब पक्का.

मला माझीच लाज वाटली. माझं कृषी सेवा केंद्र आहे. गल्ल्यामागे कॅलेंडर टांगलेलं, दिवसातून दहा गिऱ्हाइकं मला तिथी विचारतात. आणि ती तिथी समुद्राला लागू पडते, हे वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं.

त्यांनी आणखी एक सांगितलं. वाळू घट्ट, उतार कमी आणि लाटा लांबवर ओळीनं फुटत येतात, तो किनारा पाय भिजवायला त्यातल्या त्यात बरा. पण तिथंच पाणी बघता बघता लांबवर आत येतं, म्हणून गाडी न्यायची नाही. आणि लाटांच्या मधेच एखादा पट्टा शांत दिसला तर तिकडं फिरकायचं नाही, तिथून पाणी परत खोल समुद्राकडं ओढलं जात असतं. नदीत संथ पाणी म्हणजे डोह, हे आपल्याकडं शेंबडं पोरही जाणतं. समुद्र दिसला की आपण ते विसरतो.

हरिहरेश्वरची खडकावरची प्रदक्षिणा ओहोटीलाच करायची असते. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चालत जायचं तर तेही ओहोटीलाच. म्हणजे कोणता किनारा, हे ठरवताना कोणत्या दिवशी आणि किती वाजता, हेही ठरवावं लागतं. पुरवणीतल्या लेखात नेमकं हेच नव्हतं.

आपण मराठवाडा आवृत्तीत जायकवाडी आणि मांजरा धरण किती टक्के भरलं, ते छापता. दिवाळी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीपुरत्या त्याच चौकटीखाली कोकणातल्या भरती-ओहोटीच्या वेळा द्याव्यात. दोन ओळींची जागा लागेल.

यंदा पुन्हा जायचं घाटतंय. पुतण्या मोबाइलवर किनारे बघतोय, मी कॅलेंडरात अष्टमी शोधतोय. गाडी मात्र गावातच लावायची, हे त्यानं स्वतःहून कबूल केलंय.

आपला,
एक वाचक, औसा (जि. लातूर)